समाधानी दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी एक सकाळ

गेल्या वर्षी मला समाधानी म्हणून जाहीर करण्यात आलं. आधी कळवलं असतं तर थोडी तयारी केली असती.

आमच्या शहरातल्या दंतवैद्यांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा ते वर्धा रोडवरच्या एखाद्या हॉटेलात जमतं, एकमेकांच्या अंगावर शाली घालतं आणि जेवून घरी जातं. गेल्या वर्षीचा विषय होता 'कृतज्ञतेतून करिअर'. त्यासाठी पुण्याहून एक वक्ते आणले होते. तेही शिक्षणाने दंतवैद्यच, पण लोकांच्या तोंडात हात घालणं त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं होतं आणि आता ते, ज्यांनी सोडलेलं नाही त्यांना समाधानी कसं राहावं हे शिकवत हिंडत होते. ज्या धंद्यातून आपण स्वतः निसटलो त्यातल्या आनंदाबद्दल माणूस किती मोकळेपणाने बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले. "आपल्या पहिल्या पेशंटला आठवा आणि मनातल्या मनात त्याचे आभार माना." मी आठवला. माझा पहिला पेशंट एक हवालदार होता. माझ्या हातातली सुई पाहून तो खुर्चीतून उठला, "गाडी नो पार्किंगमध्ये लागली आहे" म्हणाला आणि गेला तो आजतागायत आलेला नाही. मी त्याचे आभार मानले. आजूबाजूला काही जण रडत होते. त्यांना चांगले पेशंट मिळाले असावेत.

मग प्रत्येकाला एक जाड वही मिळाली. तिच्यात रोज सकाळी तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहायची होती. आणि मग माझं नाव पुकारलं गेलं. शाल, श्रीफळ आणि काचेची एक दाढ. दाढेला पाच मुळं होती; खऱ्या दाढेला दोन-तीन असतात. दंतवैद्यांच्या मंडळाने दंतवैद्याला दिलेल्या दाढेला पाच मुळं असावीत आणि हॉलमधल्या एकालाही ते खटकू नये, यावरून तिथे दातांकडे किती लक्ष होतं ते दिसतं. खाली लिहिलं होतं: 'समाधानी दंतवैद्य'. माझीच निवड का झाली याचा मी पुष्कळ विचार केला. पंचवीस वर्षं एकाच गल्लीत, एकाच खुर्चीशेजारी राहिलेला दुसरा कोणी त्यांना सापडला नसावा. न हललेल्या माणसाला आपल्याकडे समाधानी म्हणायची पद्धत आहे.

हे सगळं तिथेच संपलं असतं. पण माझ्या बायकोने दाढेसकट माझा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तो खरा मानला.

हे शेजारी बँकेत आहेत. एका संध्याकाळी ते मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी एकोणीस वर्षांची. बारावीनंतर एक वर्ष घरी बसून तिने मेडिकलची प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा दिली होती आणि दुसऱ्यांदाही थोडक्यात हुकली होती. डेंटलला मात्र नंबर लागला होता, तोही शहरातल्याच कॉलेजात. दुसऱ्या दिवशी पाचच्या आत कागदपत्रं दिली नाहीत तर ती जागा जाणार होती. बापाला जागा घ्यायची होती. मुलगी म्हणत होती, आणखी एक वर्ष बसते.

"डॉक्टरसाहेब, आता तुम्हीच हिले समजवा," ते म्हणाले. "मी सांगून सांगून थकलो. म्हटलं, बापा, आपल्या बिल्डिंगमध्येच पुरस्कारवाला माणूस हाय."

मुलीने माझ्याकडे सरळ पाहिलं. "सर, तुम्हाला दातांचंच डॉक्टर व्हायचं होतं?"

"असं इचारतेत का वं कोणी?" बाप म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "मला मेडिकलला जायचं होतं. थोडक्यात राहिलं."

शेजाऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि साक्षीदाराला वाटेवर आणणाऱ्या वकिलासारखे म्हणाले, "पण आता समाधान हाय ना, साहेब?"

खरं तर त्या हॉटेलातल्या हॉलमध्ये डोळे मिटून बसलेले बहुतेक जण माझ्यासारखेच थोडक्यात राहिलेले होते. आमच्या पिढीत तरी दंतवैद्य व्हायचं म्हणून कोणी दंतवैद्य झालेलं मी पाहिलेलं नाही. मला प्रवेश मिळाला तेव्हा माझे वडील नातेवाइकांना "डॉक्टरकीला लागला" असं सांगत, आणि कोणी खोदून विचारलंच तर 'दाताच्या' हा शब्द खोकल्यासारखा उच्चारत. लग्न जमवताना मधल्या माणसाने मुलीकडच्यांना सांगितलं होतं, "दाताचे का होईना, डॉक्टर आहेत." ते 'का होईना' मी दहा-पंधरा वर्षं अंगावर वागवलं. आता त्या जागी शाल घातली म्हणून ते गेलं, असं मला सांगता येईना.

म्हणून मुलीला म्हटलं, "उद्या सकाळी दहाला दवाखान्यात ये. दुपारपर्यंत बस. मग तूच ठरव."

"तिथं जाऊन काय ठरवन?" बाप म्हणाला. त्यांना चार मोठी वाक्यं हवी होती. ती सगळी पुण्याला परत गेली होती.

माझा दवाखाना मनीषनगरात, एका कपड्यांच्या दुकानाच्या वर आहे. मुलगी दहाला पाच कमी असताना आली. मी तिला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. आपण काय पाहणार आहोत याबद्दल तिची काही कल्पना असावी, कारण तिने डायरी आणली होती.

पहिला पेशंट पुढच्या आठवड्यात साखरपुडा असलेला एक तरुण होता. त्याला दात पांढरे हवे होते, फोनवर दाखवला तितके. फोनवर एक नट होता. दुसरा एमआयडीसीत काम करणारा पस्तिशीचा माणूस. त्याचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची तीन बोटं उभी मावली पाहिजेत.

"खर्रा खाता?"

"नाही जी. सोडला."

"कधी?"

"हे काय, आत्ताच. जिना चढता चढता."

मुलगी हसली. तोही हसला, जितकं उघडत होतं तितकं. मग मी त्याला आरसा दिला, गालाच्या आतली पांढरी, ताठ झालेली कातडी दाखवली आणि सुपारी-तंबाखूची ही वाट कुठे जाते ते नरम न करता सांगितलं. जाताना त्याने मला धन्यवाद दिले नाहीत. दाताच्या डॉक्टरला धन्यवाद देण्याची शारीरिक सोयच फारशी नसते. माणूस आमच्या खुर्चीतून उठतो तेव्हा त्याचा अर्धा ओठ बधिर असतो आणि तोंडात कापूस. बरं वाटायला लागेपर्यंत तो घरी पोचलेला असतो, आणि बरं वाटल्यावर दाताच्या डॉक्टरकडे जाणारा माणूस अजून जन्मायचा आहे. आमच्या धंद्यातली कृतज्ञता म्हणजे माणूस पुन्हा न दिसणं. हे त्या वक्त्यांनी सांगितलं नव्हतं.

साडेअकराला हुडकेश्वरच्या आजी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, सोबत मुलगा. मी त्यांना वरची-खालची पूर्ण कवळी करून दिली होती, आणि ती लागते म्हणून त्या चौथ्यांदा आल्या होत्या.

"लागूनच राहिले जी, डॉक्टर," त्यांनी डाव्या गालावर बोट ठेवलं. "इथं."

मागच्या तीन वेळा त्यांनी असंच बोट ठेवलं होतं, आणि तिन्ही वेळा मी खालच्या कवळीची डावी कड थोडी थोडी घासून दिली होती. नवी कवळी लागतेच. दोन-तीनदा घासावी लागते. हे सगळं मला इतकं पाठ आहे की मी त्यावर विचार करत नाही. मी कवळी हातात घेतली, घासायचं यंत्र सुरू केलं.

तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला. "आजी, काय खाताना जास्त लागते?"

मला राग आला. बसायला सांगितलं होतं, बोलायला नाही.

"खाताना?" आजी म्हणाल्या. "खाताना कायले लागन, पोरी? खाताना काढूनच ठेवतो ना मी."

मी यंत्र बंद केलं.

"काहून वं माय?" मुलगा ओरडलाच.

"भाकरीनं घासून जातीन ना! एवढे नवे कोरे दात."

"मंग घालतं तरी कवा?"

"पाहुणे आले का घालतो. अन् इथं यायचं असलं का घालतो."

"अन् जेवतं कायनं?"

"हिरड्यानं. सात वर्सं झाले, जेवूनच त राहिलो." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि तक्रार केल्यासारखं म्हणाल्या, "डबीत ठेवतो जी मी, पाण्यात, तुमी सांगतलं तसं. एकपण चीर नाही पडू देल्ली."

पडणार कशी? ठेवणीतलं लुगडं जसं लग्नाकार्यालाच निघतं, तसे त्यांचे दात निघत होते. महिन्यातून दोन-चारदा, तासभर. अशाने हिरड्यांना सवय होणार कुठून? लागतं असं त्या म्हणत होत्या ते खरंच होतं, आणि मी घासून दिलेलं सगळं फुकट होतं. तीन वेळा त्या हुडकेश्वरहून आल्या, तीन वेळा मुलाने कामावर खाडा केला, आणि तीन वेळा मी त्यांना हा एक प्रश्न विचारला नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला हा फोटो जास्त योग्य होता.

मी मुलीला खालच्या टपरीवरून पोहे आणायला पाठवलं. वर तर्रीचा तिखट रस्सा नको, म्हटलं. आजींना सांगितलं, छोटा घास, पुढच्या दातांनी तोडायचा नाही, दोन्हीकडे सारखा चावायचा. त्या आधी तयारच होईनात. दवाखान्यात डॉक्टरसमोर जेवायचं, तेही नव्या दातांनी, हे त्यांना उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटत असावं. शेवटी मुलगी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि दुसऱ्या प्लेटमधून स्वतः खायला लागली.

"घ्या आजी. दोघी मिळून खाऊ."

आजींनी एक घास घेतला. पदर तोंडापुढे धरून त्या कितीतरी वेळ चावत राहिल्या. दुसरा घेतला. तिसऱ्या घासात शेंगदाणा आला असणार, कारण त्या एकदम थांबल्या. आम्ही तिघं त्यांच्या जबड्याकडे पाहत राहिलो. मग आतून बारीकसा आवाज आला. शेंगदाणा फुटल्याचा.

सात वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता या काहीतरी बोलतील. त्या बोलल्या.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि सगळी प्लेट संपवली.

डाव्या हिरडीवर आता खरोखर एक लाल ठिपका उमटला होता, मी तीनदा घासलेल्या जागेपासून चांगला बोटभर मागे. कवळीचा तेवढाच भाग घासून दिला. रोज जेवताना घालायचे, झोपताना काढायचे, असं मुलाला दोनदा आणि आजींना चारदा सांगितलं. गुरुवारी बोलावलं.

ते गेल्यावर मी हात धुतले. मुलगी पोह्यांच्या प्लेटा उचलत होती.

"सर, तीन वेळा तुम्ही विचारलंच नाही?"

"नाही."

"काहून?"

"मला वाटलं, दात खाण्यासाठीच असतात."

ती खो खो हसली. माझ्या दवाखान्यात मला कोणी असं हसत नाही. मग तिने विचारलं, "रोज असंच असते का?"

"रोज याच्यापेक्षा कंटाळवाणं असतं," मी म्हणालो. तिला खोटं सांगायचं नव्हतं. "समाधानाचं मला विचारू नकोस, ते तुझ्या बाबांनी फोटोत पाहिलंय. मेडिकल हुकल्याचं मला पस्तिशीपर्यंत वाईट वाटत होतं. मग कधी वाटायचं थांबलं, ते कळलं नाही. सकाळी जिना चढायचा कंटाळा येत नाही. माझ्याजवळ एवढंच आहे. तेवढ्यावर पाच वर्षांचं कॉलेज करायचं की नाही, ते तू बघ."

ती बोटाने डायरीच्या कडा सरळ करत बसली. डायरीत तिने काहीही लिहिलं नव्हतं.

"घरी मी दिवसभर तेच करते," ती म्हणाली. "कोणता प्रश्न चुकला, तो नसता चुकला तर किती झाले असते. वर्ष झालं. आज सकाळपासून एकदाही आठवलं नाही."

"ते पोह्यांमुळेही असेल."

"असेल," ती म्हणाली. "पण आजींना विचारायचं राहिलं होतं ना. ते माझ्या लक्षात आलं."

साडेतीनला तिचे वडील फाइल घेऊन आले. बँकेतून अर्धी सुटी टाकली होती. दारातूनच म्हणाले, "काय ठरलं?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

"चला, देऊन येऊ कागद," मुलगी म्हणाली.

ते खुर्चीच्या हातावर बसलेच. "डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार..." त्यांनी हात जोडले. त्यांचा आवाज सभेतला व्हायला लागला होता. "असं काय सांगतलं तुम्ही हिले?"

"सरांनी काही नाही सांगितलं," ती म्हणाली. "बाबा, पाचला बंद होते तिथं. झेरॉक्स काढायचे आहेत अजून."

ज्या दिवशी मी माझे कागद दिले, त्या दिवशी मी कॉलेजच्या सायकल स्टँडमागे जाऊन रडलो होतो. तिच्या वडिलांनी गाडी सुरू केल्याचा आवाज आला. ती अर्धा जिना उतरून परत वर आली आणि दारात उभी राहिली.

"सर, गुरुवारी कॉलेज सुरू झालं नसलं, तर मी येऊ? आजी खरंच घालून जेवतात का नाही, ते पाहायचं आहे."

"ये," मी म्हणालो. "पण मी सांगेपर्यंत बोलायचं नाही."

"ते जमणार नाही," ती म्हणाली आणि गेली.