चार पानांचं ऑम्लेट, भामरागडच्या चुलीवर

माझी धाकटी बहीण नंदा शिकलेली स्वयंपाकीण, पण गेल्या वर्षीच्या तापानंतर तिचं नाक रुसलं ते रुसलंच. तरी हिवाळ्यात तिने नागपूरच्या गच्चीवर चार कुंड्या लावल्या: पार्सली, चाइव्ह्ज, टॅरागॉन आणि चर्विल. फ्रेंचांच्या ‘फीन झेर्ब’ची, म्हणजे नाजूक वासाच्या पाल्याची, ही जुनी चौकडी. चारही पानं कोवळी, सारख्या मापाने, बारीक चिरून ऑम्लेटवर अगदी शेवटी घालायची. पाचव्याला मज्जाव.

"पहिल्या तोडीचाही वास आला नाही, तर हे काम सोडते," ती म्हणाली. तिची मैत्रीण रानू भामरागडला शिक्षिका आहे, कधीची बोलावत होती. म्हटलं, चल, तिथेच कर ऑम्लेट.

चंद्रपूरहून सकाळची एसटी धरा. आलापल्लीला गाडी बदलते, तिथेच पोटभर जेवून घ्या, पुढे हॉटेलं तुरळक. पावसाळ्यात हा रस्ता तुटतो, हिवाळाच बरा. सागांमधून धुकं खिडकीत येत होतं. नंदाच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या त्या पानांतून बडीशेपेसारखा मंद वास येत होता, फक्त मला. हा रस्ता संपूच नये असं वाटत होतं.

संध्याकाळी नद्यांच्या संगमावर गेलो. पाणी इतकं संथ, की कुठली नदी कुठे संपली ते कळेना. आम्ही तिघी वाळूत नुसत्या बसून राहिलो.

सकाळी नंदाने चार पानं चिरून ठेवली आणि ती हातपंपावर पाण्याला गेली. रानूने तेवढ्यात त्यात मूठभर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, चिरून मिसळला.

"अगं, हे काय केलंस?"

"सांबार नाई टाकला त अंड्याले चव कुठी येते, ताई?"

आता निवडणार कसं? सगळं हिरवंच. नंदाला न सांगता मी ते तसंच चुलीशी नेऊन ठेवलं.

नंदाने चुलीवर ऑम्लेट केलं, पानं भुरभुरली, घास घेतला आणि थबकली.

"यात सांबार कोणी घातला?"

रानू ओशाळली. "मी टाकला वं. काऊन, बिघडलं का?"

नंदा चिडायची सोडून रडायलाच लागली. मीही.

घरी परतून महिना झाला. टॅरागॉनचा वास तिला अजून येत नाही, पण काम सोडायची भाषाही नाही. रोज भाजीवाल्याकडून सांबाराची जुडी आणते, दारातच नाकाला लावते. तिची मान हलेपर्यंत मी चहाला आधण ठेवत नाही.