पाठीवरचं मीठ

ज्यांनी वीस वर्षं आपल्याला फूटपाथवरून हुसकावलं, ते एक दिवस हार घेऊन आले तर आपली मान आधी चाचपून बघावी. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण नगरपालिकेचा साहेब छापील पत्रिका घेऊन आमच्या गाडीपाशी आला, त्यावर मोठ्या अक्षरात ‘कष्टकऱ्यांच्या चवीचा गौरव’ असं लिहिलेलं, आणि मी बावळटासारखी हसले. वहिनीने पत्रिकेला हातही लावला नाही. ती बटाटे कुस्करत होती.

वहिनीची गाडी लोखंड ओतायच्या कारखान्याच्या फाटकासमोर उभी असायची. घेवड्याच्या दाण्यांचा आणि बटाट्याचा रस्सा, भात, वर कच्चा कांदा. बस्स. दुपारचा भोंगा झाला की भट्टीवरची माणसं रांग लावत आणि वहिनी त्यांच्या तोंडाकडे न बघता पाठीकडे बघे. निळ्या शर्टांवर घाम सुकून मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असत. आजच्या पाठी बघून ती उद्याचं मीठ ठरवायची. थंडीत हात आखडता, उन्हाळ्यात सढळ. हजेरी मांडणारा कारकून आला की त्याला भात जास्त आणि रस्सा कमी, वर दटावणी, "बसून खारट खाऊ नका, बीपी वाढेल." मीठ शिजतानाच पडलं पाहिजे, वरून भुरभुरलेलं जिभेला कळतं पण अंगी लागत नाही, हे तिचं शास्त्र. खरं-खोटं डॉक्टर जाणे.

हे ती शिकली माझ्या भावामुळे. दादा त्याच भट्टीवर होता. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात चौघांनी त्याला उचलून घरी आणलं. पायांत गोळे, पोटात पेटके, डोळे पांढरे. बघायला आलेले कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, "अंगातलं मीठ घामावाटे गेलंय. घरी अळणी जेवतो का हा?" जेवत होता. आईच्या बीपीपायी सगळ्या घराला मी अळणी खाऊ घालत होते, कारण दोन भाज्या-दोन फोडण्या करायचा मला कंटाळा. दादा वाचला, पण भट्टीवर पुन्हा उभा राहू शकला नाही. नवी नवरी असलेली वहिनी मला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मिठाची बरणी माझ्या हातातून काढून घेतली, ती घेतलीच. पुढे गाडी टाकली, मी कांदे चिरायला लागले, दादा बटाटे सोलायला. बरणीला मात्र कोणी हात लावायचा नाही. मी तिच्याहून लहान, तरी ती मला ‘वन्सं’ म्हणते आणि अहो-जाहो करते. चिडली की मग अगं-तुगं.

तर गौरव. पत्रिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात अट होती, ती दादाने वाचून दाखवली. स्पर्धेतल्या पहिल्या दहांना आहे त्या जागेचा पक्का परवाना मिळणार. बाकीच्यांनी महिनाअखेर फूटपाथ मोकळा करायचा. म्हणजे आधी आरती ओवाळायची आणि मग त्याच तबकात नोटीस द्यायची.

मैदानावर मांडव होता, व्यासपीठ होतं, व्यासपीठापुढे गार हवेची यंत्रं होती. आमच्या टेबलावर ऊन. शेजारी शहरातल्या सगळ्यांत महागड्या हॉटेलाची ‘मजूर थाळी’. आचाऱ्यांना गोणपाटाचे एप्रन घातलेले आणि नव्या कोऱ्या जर्मनच्या ताटांना मुद्दाम ठोकून पोचे पाडलेले! देवाशपथ, मी ते पोचे बोट फिरवून बघितले.

तीन परीक्षक आले. परीक्षकबाईंनी चमच्याच्या टोकावर रस्सा घेतला आणि लगेच पाण्याची बाटली शोधली.

"बाप रे, फारच खारट आहे हो."

"तुम्हाला लागणारच," वहिनी शांतपणे म्हणाली. "तुमच्या कपाळावर घामाचा टिपूस नाही."

"अहो, पण आम्ही चवीला मार्क देतोय."

"मग दोन तास भट्टीपुढे उभ्या राहून या. तोवर गरम ठेवते."

बाईंचा चेहरा पडला. साहेब मध्ये पडला. "मावशी, तासाभराने परत चव घेतील. दुसरं भांडं चढवा, मीठ निम्मं घाला. काय बिघडतंय?"

मी वहिनीचा हात धरला. "ऐक ना. एक दिवस अळणी कर. परवाना पदरात पडू दे, मग घाल की पोतंभर मीठ."

"आणि ते भांडं खाणार कोण?" तिने टेबलासमोर बोट केलं. सकाळपासून उन्हात मांडवाचे खांब पुरणारी माणसं ताटल्या घेऊन उभी होती. हॉटेलच्या टेबलाकडे त्यांना कोणी फिरकू देत नव्हतं. "परीक्षक चमचाभर खातील. बाकीचं यांच्याच पोटात जाणार."

"एका दिवसाने काय होतं गं?"

"वन्सं, एक उन्हाळा तुम्हीही अळणी वाढलंत," ती म्हणाली. "काय झालं ते आठवतंय ना?"

वीस वर्षांत त्याबद्दल पहिल्यांदा बोलली. दादा मान खाली घालून बटाटे सोलत राहिला. दुसरं भांडं चढलं नाही.

पहिला नंबर पोचे पाडलेल्या ताटांचा, आणि पहिल्या दहांत आम्ही नाही. भाषणात परीक्षकबाई म्हणाल्या, या थाळीत घामाची चव आहे. मला तिथल्या तिथे उठून ओरडावंसं वाटलं. बाई, घामाची चव खारट असते, आणि ती तुमच्या पुढ्यात आली तेव्हा तुम्ही चूळ भरून थुंकायला पाणी शोधत होतात! पण ओरडले नाही. गरिबाने आवाज चढवला की त्याला लगेच दंगा म्हणतात. टाळ्या झाल्या, आणि मांडवाच्या माणसांनी आमचं भांडं चाटूनपुसून रिकामं केलं, त्याला मार्क नव्हते.

महिनाअखेर पालिकेचा ट्रक आला, ऐन भोंग्याच्या वेळी. पाच माणसं खाली उतरली. साहेब आत काचा वर करून बसला. सकाळपासून ही त्यांची सातवी जागा होती. मी विळी घेऊनच पुढे झाले. वहिनीने मला बाजूला सारलं, पाचही जणांकडे बघितलं आणि म्हणाली, "आधी जेवून घ्या. मग उचला."

ते घुटमळले. मग फाटकाबाहेरच्या रांगेत, भट्टीवाल्यांच्या मागे उभे राहिले. जेवले. एकाने दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. ताटल्या विसळून जागेवर ठेवल्या आणि चार बाजूंना चौघे लागून आमची गाडी ट्रकात चढवली. खाल्ल्या मिठाला जागणं वगैरे गोष्टी पोट हातावर नसलेल्यांसाठी असतात. पाचवा तेवढा खाली बघत "मावशी, हुकूम आहे," एवढंच म्हणाला.

ट्रक वळला आणि माझा बांध फुटला. "आपलं घरदार उचलणाऱ्यांना जेवू घातलंस? पोटभर? निदान अळणी तरी वाढायचंस!"

वहिनी गर्रकन वळली. "शर्ट बघितलेस का गं त्यांचे?"

बघितले होते. पाठी पांढऱ्याफटक होत्या. आमच्या माणसांच्या होत्या तशाच. म्हणून तर मला जास्त संताप येत होता, आणि तो काढायला समोर एक काच वर केलेली खिडकी होती, तीही निघून गेली होती.

दादाने सुरी-पाट गोळा केले. वहिनी मोठं पातेलं डोक्यावर घ्यायला वाकली. त्याला दोन्ही हात लागणार, तेव्हा कमरेशी धरलेली मिठाची बरणी तिने माझ्याकडे सरकवली.

"धरा वन्सं. उद्या फाटकाशी जमिनीवरच मांडू," ती म्हणाली. "सांडू नका. उद्या ऊन जास्त आहे."