वीतभर पट्टी

"थांबा, कापडाला इचारू द्या," असं म्हणून मास्तर ताग्यावर उलटा पंजा फिरवायचे आणि डोळे मिटायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कपड्यांच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. "मग, काय म्हणालं कापड?" असं मी विचारलं की सगळं खातं हसायचं. तेही हसायचे. मला ते मूर्ख वाटायचे.

मी कॉम्प्युटरवाली. कापडाची नासाडी थांबवा, पर्यावरण वाचवा, असा परदेशी गिऱ्हाइकाचा धोशा होता, म्हणून एक प्रोग्राम आणला होता आणि तो चालवायला मला. बाही, पाठ, गळा हे सगळे भाग कमीत कमी कापडात कसे बसवायचे, ते तो क्षणात दाखवायचा. मास्तर तेच काम खडूने करत, अर्धा दिवस लावून. जुन्या आखण्या मागितल्या की मुकाट आणून देत. वर मला शिकवत, कुठलं कापड धुतल्यावर आटतं, कुठलं तिरकं ओढतं. मी ते सगळं प्रोग्राममध्ये भरत गेले.

त्यातच ती पट्टी सापडली. त्यांच्या प्रत्येक आखणीत कडेला वीतभर कापड सुटायचं. इतका कसलेला माणूस दर वेळी नेमका तेवढाच कसा चुकेल? मी ती पट्टी लाल रंगवून भर मीटिंगमध्ये पडद्यावर लावली. खरं सांगते, मला मजा आली.

साहेबांनी विचारलं तेव्हा मास्तरांनी काही लपवलं नाही. उरलेली कातरण शनिवारी कामगारांनी घरी न्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मास्तरांची वस्ती मिरजगावच्या पलीकडे. तिथली निम्मी घरं थंडीत कोपरगावकडे ऊसतोडीला जातात आणि पोरंबाळं फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, निजतात. त्यांच्यासाठी मास्तरांची बायको या पट्ट्यांच्या गोधड्या शिवायची. "जोडता यील येवढा तुकडा ऱ्हावा म्हनून सोडत हुतो, सायेब," एवढंच ते म्हणाले. साहेबांनी त्याला चोरी म्हटलं आणि त्याच दिवशी त्यांना काढलं.

जाताना त्यांनी कात्री माझ्या टेबलावर ठेवली. "ताई, मशीनला येवढं सांगा. जोडन्याजोगी पट्टी सोड म्हनावं."

"तशी सोय नाही त्यात," मी म्हणाले.

सोय होती. कडेला किती कापड सोडायचं ते लिहायला एक चौकोन होता. त्यात मी शून्य टाकलं होतं.

नासाडी घटली. गिऱ्हाइकाने पर्यावरणाबद्दल शाबासकीची पाटी पाठवली, ती भिंतीवर आहे, शेजारी माझा फोटो. आता जी कातरण उरते ती बोटाएवढीही रुंद नसते. कुणी नेत नाही, म्हणून ती शेडमागे जाळतात. नायलॉन असतं त्यात, धूर काळा येतो.

दिवाळी झाल्यावर मास्तरांची बायको गेटवर आली, तेव्हा मी तिथेच होते. मास्तर या वर्षी स्वतःच कोयता घेऊन उसाला गेले होते. वॉचमनने तिला कातरणीचं एक पोतं दिलं. तिने ते तिथेच उपडं केलं, बराच वेळ चिवडलं आणि एक चिंधी माझ्यापुढे धरली.

"ह्येला टाका कुटं घालू, ताई?"

तिने सगळं पुन्हा पोत्यात भरलं, तोंड बांधलं आणि पोतं तिथेच ठेवून निघून गेली.

मी वर जाऊन तो चौकोन उघडला. गिऱ्हाइकाचा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता. शून्य तसंच ठेवलं. खिडकीतून शेडमागचा धूर दिसत होता, तिने ठेवलेलं पोतंही तिथेच जळत होतं.