टायगरचा पट्टा

चामडं कापलं की तुकडे उरतात. आमच्या वर्कशॉपमध्ये तसे किस्से उरत गेले, आणि ते झाडून टाकायचं कुणाला सुचलं नाही. सत्तरच्या दशकात सोलापुरात पोलिओ झालेल्या मुलांचं वसतिगृह होतं, त्याच्या आवारातच हे वर्कशॉप. मुलांच्या पायांना कॅलिपर, म्हणजे लोखंडी सळ्या आणि चामडी पट्टे, करून बसवायचं काम माझं.

*

टायगर हा गल्लीतला कुत्रा चामड्याच्या वासानं आला. पहिल्याच दिवशी त्यानं एक नवाकोरा बूट पळवला. ज्या पोरांना व्यायामाला उठवताना व्यायाम घेणाऱ्या बाईंच्या नाकी नऊ यायचे, ती कुबड्या टेकत त्याच्यामागे अंगणाला दोन फेऱ्या मारून आली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच बूट बाहेर ठेवला!

*

करमाळ्याकडची कमल नऊ वर्षांची. कॅलिपर घातला तरी भिंत सोडायची नाही. टायगरच्या पाठीवर हात ठेवून मात्र चालायची. ती थांबली की तोही थांबायचा.

शेजारच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले होते, फाटकापासून वर्गापर्यंत कुणाला न धरता आली तरच जूनमध्ये नाव घालू. तिच्या वडिलांनी सरळ सांगितलं, "न्हाय जमलं तर घरला नेतो. हितं ठिवून काय करायचं?"

कमल तिथंच उभी होती.

*

मी टायगरच्या कमरेला मूठ असलेला पट्टा केला. आमच्याकडे केसपेपरशिवाय खिळासुद्धा ठोकत नसत. म्हणून सवयीनं लिहिलं: नाव टायगर, वय अंदाजे तीन, पाय चार, सर्व उत्तम.

पुण्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमका तोच कागद उचलला. "पाय उत्तम, मग पट्टा कशाला?"

मी म्हटलं, "दुसऱ्या पेशंटसाठी, साहेब."

त्यांनी थोडा विचार केला आणि खाली शेरा मारला, प्रगती समाधानकारक.

*

एकदा बकल आणायला कमल आणि टायगर दोघांना घेऊन नव्या पेठेत गेलो. दुकानदार टायगरला हाकलायला उठला.

कमल म्हणाली, "त्याला घालवू नगा की. मी पडंन."

दुकानदारानं तिला स्टूल दिलं आणि कुत्र्याला पाणी.

*

जून उजाडला. कमलचे वडील शाळेच्या फाटकाबाहेर तिची ट्रंक घेऊनच उभे होते. हेडमास्तर वर्गाच्या दारात. कुत्रा आत चालणार नाही, असं त्यांनी तिथूनच बजावलं.

आता ही ट्रंकेबरोबर परत जाणार, असं मला वाटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

कमल वाकली. टायगरच्या पोटाखालचं बकल सोडवायला तिला बराच वेळ लागला. टायगर फाटकात बसला. कमलनं रिकाम्या पट्ट्याची मूठ धरली आणि चालायला लागली. पट्टा नेहमीच्या उंचीवर लोंबत होता.

वर्गापुढच्या तिसऱ्या पायरीवर तिचा तोल गेला. ती थांबली आणि बाजूला बघून म्हणाली, "थांब की जरा."

मग चौथी पायरी चढली.

हेडमास्तर दारातून बाजूला सरकले. दोघांना जाता येईल इतके.