डबीतला हरभरा

जिथं अळ्यांना वेळेवर जेवायला मिळतं आणि माणसांचे डबे तसेच राहतात, तिथं किस्से शोधावे लागत नाहीत. मोताळ्याच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तीन माणसं: बॉटनी शिकवणाऱ्या नसरीन मॅडम, लॅब अटेंडंट गवई भाऊ आणि मी, मॅडमचा ज्युनिअर. आता आम्ही हसतो. तेव्हा डबा उघडायचीही शुद्ध नव्हती!

सोनाळ्याच्या कांताबाईंनी मॅडमना एका डबीत दोन मुठी गावरान हरभरा दिला होता. त्यांच्या वावरात घाटे अळी टिकत नसे, बुरशीनं येणारा मर रोगही कमी. या दाण्यातलं एक प्रोटीन अळीचं पचनच बंद पाडतं आणि बुरशीलाही रोखतं, असं मॅडमचं म्हणणं. ते सिद्ध झालं तर पीएच.डी., आणि मुदतवाढ शेवटची. वर कांताबाई सांगून गेलेल्या, "जपून वापर बाई, याच्यावर माह्याजवळ नाही." म्हणजे दाणे संपले की पीएच.डी. बुडाली आणि वाणही!

*

घाटे अळीला एकटीला ठेवावं लागतं, प्रत्येकीची वाटी वेगळी. ईदच्या सुटीवर जाताना मॅडमनी भाऊंना तीनदा बजावलं. पण भाऊंना वाट्या धुवायच्या होत्या. त्यांनी चाळीसही अळ्या एका डब्यात भरल्या, "एकमेकींले सोबत होईन" म्हणून.

मॅडमनी येऊन डबा उघडला. आत नऊ. चांगल्या गलेलठ्ठ! या अळ्या एकमेकींनाच खातात.

मॅडम मटकन स्टूलवर बसल्या. भाऊंचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, "मॅडम, मले वाटलं ह्या शाकाहारी अस्तीन!"

*

मे महिना, भर दुपार, आणि लाईट गेली. फ्रीजमध्ये दाण्यांचा अर्क. तो तापला की पाव डबी हरभरा पाण्यात.

भाऊ आणि मी नळ्या पिशवीत गुंडाळून धावलो ते थेट कुल्फीवाल्या चाचांच्या गाडीशी. चाचा भला माणूस. बर्फात जागा करून दिली, मग विचारलं, "इसमें है क्या?"

भाऊंना खोटं बोलता येत नाही. "अळी मारायचं हाय, चाचा."

समोर सहा गिऱ्हाइकं उभी. चाचा दात आवळून म्हणाले, "आहिस्ता बोल ना बे!"

*

पाहणीला एक साहेब आले. मॅडम नेमके दाणे मोजत बसल्या होत्या. साहेब खुर्चीवर टेकले, बोलता बोलता एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला. मग दुसरा.

साहेबांचा हात धरणार कसा? मी मनातल्या मनात मोजत होतो. पाच दाणे गेले!

"गोड आहे हो! अजून आहे का?"

भाऊ पुढे झाले, डबीचं झाकण लावलं. "सर, कच्चा ज्यास्त खाल्ला त पोट बिघडते. त्याच्यावरच मॅडमचा रिसर्च हाय!"

साहेब चहा न घेता गेले.

*

मर रोगाच्या बुरशीची टेस्ट. काचेच्या प्लेटमध्ये पांढरी बुरशी पसरते. मधे अर्काचा थेंब असतो, त्याच्याभोवती ती थांबली तर जिंकलो. पाचव्या दिवशी आम्ही तिघंही प्लेटवर वाकलो. थेंबाभोवती रुपयाएवढी स्वच्छ जागा! मॅडमचे डोळे भरून आले.

भाऊ घाईघाईनं म्हणाले, "मॅडम, तिकडं तोंड करून रडा. प्लेटीत पानी पडीन!"

*

अळीच्या शेवटच्या टेस्टला चौदा दाणे लागणार होते. डबीत चौदाच उरले होते. दळले की वाण संपला.

मॅडमनी कांताबाईंना बोलावून घेतलं. त्या सोनाळ्याहून एसटी बदलत आल्या. मॅडमनी डबी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. "तुम्ही नको म्हटलं तर दळणार नाही. पीएच.डी. गेली तरी चालेल." माझ्याच्यानं तिकडं बघवेना. भाऊ दारात उभे.

कांताबाईंनी दाणे तळहातावर घेऊन निरखले. "तीन सालापासून हेच जपून राह्यली तू?"

"हो."

त्यांनी पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली, गाठ सोडली. टपोरा, तांबूस हरभरा टेबलभर घरंगळला.

"काऊन घाबरून राह्यली वं? पयल्याच भेटीत कोणी घरचं बी देते काय? तुले देल्लं ते त चाळणीखाली पडलेलं बारकं होतं!"