वास काढलेलं कोकमतेल

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माझा बघण्याचा कार्यक्रम ठरला, तेव्हा माझी भावजय म्हणाली की आता तुला जरा गाळून घ्यायला हवी. मी रत्नागिरीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गाळणं, धुणं, शुद्ध करणं हा माझाच धंदा. मलाच कुणी गाळायला घेईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

हे सगळं कशापायी, ते आधी सांगते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला गुहागरला गेले होते. परतीच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक गृहस्थ, पायाशी नारळांचं पोतं. पहिल्याच मोठ्या वळणाला पोत्याचं तोंड सुटलं आणि नारळ बसभर धावले. एक तर थेट ड्रायव्हरला भेटायला गेला. गृहस्थ वाकून वाकून नारळ गोळा करतायत आणि ज्याच्या पायाला लागला त्याची माफी मागतायत. मला हसू फुटलं. माझं हसू म्हणजे आमच्या आळीत चार घरं पलीकडे कळतं, आणि हसताना मला टाळी द्यायला लागते, समोर कोण आहे ते मी बघत नाही. ती कंडक्टरला गेली. मग बसच हसायला लागली, आणि शेवटी ते गृहस्थही मधल्या वाटेत फतकल मारून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. चिपळूणला उतरताना त्यांनी मला दोन नारळ दिले आणि माझा फोन नंबर घेतला. पायरी उतरताना त्यांच्या टाचा दिसल्या. मे महिन्यातला कातळ बरा, अशा भेगा.

मग फोन सुरू झाले. सुपारीची बाग, दिवसभर अनवाणी फिरणं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. धाकटी बहीण शेजारीच राहते, शाळेत मुख्याध्यापिका आहे. ती हो म्हणाली तर पुढे जाऊ, तिच्या शब्दाबाहेर मी नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. मला राग यायला हवा होता, पण मी पार खुळावले होते. फळ्यावर समीकरण अर्धं टाकून खिडकीबाहेर बघायचे. लग्न नको नको म्हणत पन्नाशी ओलांडलेली बाई मी, आणि आता ही बहीण नाही म्हणाली तर काय, या विचाराने घास उतरेना. मला हा माणूस हवा होता, उगाच कशाला लपवू.

म्हणून भावजयीच्या तावडीत मुकाट सापडले. तिचा अभ्यासक्रम तयारच होता. हसायचं तर ओठ मिटून. टाळी बंद. बोलण्यातला हेल घालवायचा, ‘काय मेलं’ म्हणायचं नाही, आणि पुण्याच्या बायका बोलतात तसं सावकाश बोलायचं. रोज संध्याकाळी ती पाहुणी व्हायची आणि मी चहा घेऊन यायचे. माझा भाऊ पेपराआड हसत बसायचा.

तिकडे मी त्यांच्या टाचांवर काम सुरू केलं. कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगतं, गार झालं की त्याचा मेणासारखा गोळा होतो. भेगांना त्याच्यासारखं दुसरं औषध नाही. पण ते दिसतं मातकट आणि वास असा की डबा उघडला की शेजारी ओळखतात. मुख्याध्यापिकेसमोर असं ध्यान कसं ठेवायचं? मी ठरवलं, पांढरंशुभ्र आणि बिनवासाचं करून दाखवायचं. सोड्याच्या पाण्याने धुतलं. करवंट्यांचा कोळसा कुटून त्यात घातला आणि गाळायला बसले, तर ते गाळणीतच थिजलं. पंचवीस वर्षं मुलांना वितळणबिंदू शिकवतेय मी. शेवटी सगळा संसार गच्चीवर नेला आणि भर दुपारी, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, तापलेल्या पत्र्यावर गाळलं. वास घालवायला कुकरच्या शिटीच्या जागी रबरी नळी लावून तेलात वाफ सोडली. भावजय अंगणात उभी राहून ओरडत होती की कुकर तिच्या माहेरचा आहे.

पण काय झालं म्हणून सांगू! दुधासारखं पांढरं. नाक लावा, काही म्हणजे काही नाही. भावजयही विरघळली आणि तिने मोदकाचा साचा आणून दिला. छोटे छोटे मोदक पाडून मी बशीत मांडून ठेवले. जाताना त्यांच्या हातात द्यायचे, असा बेत.

ती दोघं आली. मी चहा नेला, हळू बोलले, ओठ मिटून हसले. मुख्याध्यापिका बाई मला मॅडम म्हणत होत्या आणि आवडीनिवडी विचारत होत्या. मी ‘मला वाचनाची आवड आहे’ असं निबंधात लिहितात तसं उत्तर दिलं. ते माझ्याकडे बघायचे, मग चपलांकडे. त्यांनी घड्याळही पाहिलं. संपलं, म्हटलं. भावजय मात्र पसंतीच्या नजरेने माझ्याकडे बघत होती.

शांतता फार झाली तसा माझा भाऊ घाबरला आणि आतून खोबऱ्याच्या वड्या आणायला धावला. आणले मोदक. मी बघेस्तोवर दोघांनी एकेक अख्खा तोंडात टाकलेला होता.

आता सांगायचं कसं? तोंड उघडलं तर हेल येणार. खाल्ल्याने काही होत नाही, ते मला माहीत होतं, पण लोण्यासारखं ते तोंडभर पसरत असणार हेही माहीत होतं. ते चावत होते. थांबत होते. परत चावत होते. डोळे किंचित मोठे झाले, पण पाहुणचाराचा मान राखून त्यांनी गिळलं, भावजयीकडे वळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “छान झालेत. साखर जरा बेताची आहे.”

मी फुटले. गाळलेलं, धुतलेलं, वाफवलेलं सगळं एका दमात गेलं. “काय मेलं हे, अहो, ते तुमच्या टाचांचं औषध!” म्हणत मी जी टाळी दिली ती मुख्याध्यापिकांच्या गुडघ्यावर बसली. भावजयीने डोळे मिटून घेतले. मी हसत होते आणि आतून मला रडू येत होतं, कारण आता खरंच सगळं संपलं होतं आणि तरी हसू थांबत नव्हतं.

मुख्याध्यापिकांनी आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग आपल्या भावाला विचारलं, “अण्णा, ह्याच का त्या, बसमधल्या?”

“ह्याच,” ते म्हणाले. चेहरा असा उजळला होता की मला खाली बघावं लागलं. “मघापासून ह्यांनाच शोधत होतो मी. म्हटलं, घर तर चुकलो नाही ना.”

बाईंनी जीभ टाळ्यावरून एकदा फिरवून पाहिली. ती सुटत नसावी. मग माझ्याकडे वळून, शाळेत सांगतात तशा आवाजात म्हणाल्या, “वहिनी, पाणी द्या. गरम द्या, म्हणजे हे वितळेल.”

मला आजवर ताई, आत्या, बाई, मॅडम सगळं म्हणून झालं होतं. वहिनी कुणी म्हटलं नव्हतं. मी धावत आत गेले आणि फ्रिजमधलं गार पाणी घेऊन आले.