ओठ मिटणारा रेडा

सावळीराम पगारे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांची चौतीस वर्षे गेली, बहुतेक सगळी टर्बाइनपाशी. कान अधू झाले आणि बोलणे मोठे झाले. त्यांनी पत्नीकडे चहा मागितला की मला वर कळते.

माझ्या वर राहणारी चैताली मातीच्या प्राण्यांच्या विनोदी फिल्म करते. माणसांच्या खऱ्या मुलाखती घ्यायच्या आणि तो आवाज प्राण्याच्या तोंडी घालायचा. प्राणी कणभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा. एका सेकंदाला बारा फोटो. निवृत्तीवरच्या फिल्मसाठी तिने सावळीरामांना बोलते केले. त्यांची एकच अट होती, आपण पाहून हो म्हटल्याशिवाय ती कुठे दाखवायची नाही.

मंगळवार, ११ मार्चला आम्ही ती माझ्या टीव्हीवर पाहिली. रविवारी पुण्याच्या महोत्सवाला फिल्म पाठवायची मुदत संपत होती. आठ महिन्यांचे काम होते.

गोठ्यातला रेडा सावळीरामांच्या आवाजात म्हणाला, "पहिला महिना पहाटे डबा भरून बसायचो. मग आठवायचं, आपला पंप आता दुसरा बघतो."

त्यांची पत्नी सुमनबाई पोट धरून हसल्या. "शोभतो हो रेडा! फक्त हाक मारली की हा वळून बघतो, एवढाच फरक."

सावळीराम हसले नाहीत. "हा मी नाही. नाही चालणार."

चैतालीचा चेहरा उतरला. "काका, रेड्याचा राग आला का? हत्ती करू?"

"रेड्याचं काय वाईट आहे? आवाज बंद कर आणि पुन्हा लाव."

तिने लावले.

"आता सांगा, काय म्हणतोय हा?"

आम्हा तिघींना सांगता येईना.

मग त्यांनी उलगडून सांगितले. टर्बाइनपाशी शब्द ऐकूच येत नसत. वीस फुटांवरून ओठ पाहून काम चाले. "'पंप' म्हणताना याचे ओठ मिटत नाहीत. माझ्या पाळीत कोणी 'पंप बंद कर' असं उघड्या ओठांनी बोललं असतं, तर मी तो चालूच ठेवला असता."

चैतालीने रेड्याला आलटून पालटून बसवायला मातीची सहा तोंडे केली होती, सगळी कमीजास्त उघडी. पूर्ण मिटलेले एकही नव्हते.

"आवाज असला की कळत नाही हो, काका."

"ऐकणाऱ्याला नाही कळत. मी बघणारा आहे."

तिने वाद घातला नाही. रेड्याचे बोलणे चाळीस सेकंदांचे होते, म्हणजे चारशे ऐंशी फोटो पुन्हा. दुसऱ्या दिवसापासून सावळीराम तिच्या खोलीत स्टुलावर बसू लागले. आवाज न काढता एकेक शब्द ओठांनी म्हणायचे. ती पाहून माती दाबायची. सातवे तोंड मिटलेले झाले, आठवे किंचित आवळलेले. ते चार दिवस इमारत फार शांत होती.

शनिवारी संध्याकाळी तिने मला वर बोलावले. आवाज बंद ठेवूनच फिल्म लावली. सावळीराम पुढे वाकून बसले. रेड्याने तोंड हलवले तसे त्यांचेही ओठ हलू लागले. "डबा" झाले, "पंप" झाले. चैताली पडदा सोडून त्यांच्याकडेच पाहत होती.

"हं," ते म्हणाले. "आता हा खरंच डबा भरून बसलाय." आणि मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "पाठव!"

खालून सुमनबाईंनी विचारले, "काय पाठवू?"